न तापणारी चकती

सकाळी साडेदहाच्या उन्हात दीडशेएक माणसे एका बंद पडलेल्या लाकूडवखारीच्या आवारात श्वास रोखून उभी होती, कारण एक माणूस गाडीच्या चाकात हात घालणार होता.

गाडी लाल, बुटकी आणि अंगापेक्षा आवाजाने मोठी. तिने त्या लांबलचक आवाराच्या दहा फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीच्या शेवटी ती भरधाव यायची, करकचून ब्रेक दाबायची आणि गर्दीपासून चार हातांवर थांबायची. जळक्या रबराच्या वासाने पुढच्या रांगेतल्यांचे डोळे चुरचुरू लागले होते. दहावी फेरी संपल्यावर ती वखारीच्या भिंतीला डावी कूस चिकटवून उभी राहिली. कंटेनरबाबा उतरले. त्यांनी उजवी बाही कोपरापर्यंत दुमडली, तळहात चहूकडे फिरवून दाखवला आणि पुढच्या चाकाच्या रुंद आऱ्यांमधून आत घालून थेट ब्रेकच्या चकतीवर टेकवला.

"मोजा," ते म्हणाले.

गर्दीने वीसपर्यंत आकडे म्हटले. हात बाहेर आला तो जसा गेला तसाच, धड आणि कोरडा.

मग शेजारी उभ्या असलेल्या साध्या गाडीची पाळी. तिला तीनच फेऱ्या मारायला लावल्या. तिच्या चाकात बाबांनी हात घातला नाही. एक तांब्याभर पाणी ओतले. चर्रकन वाफ उठली आणि पुढची रांग दोन पावले मागे सरली.

"ऐकलंत? ही रडली," बाबा शांतपणे म्हणाले. "आता मला सांगा, चकती तापते म्हणजे काय होतं? वेग मरतो, आणि त्याची चिता तिच्या अंगावर जळते. आमची चकती वेगाला मारत नाही, वेगाला निजवते. चंद्र कधी तापलेला पाहिलाय कुणी?"

"नाही बाबा," दुधाची गाडी चालवणारा म्हणाला.

"मग?"

भर दुपारी चंद्राची जमीन किती तापते, तो आकडा मला पाठ होता. पण 'मग?' या प्रश्नाला आकड्याने उत्तर देता येत नाही. ज्ञानाच्या इतिहासात ज्यांनी ज्यांनी तसे करून पाहिले, त्यांची गत मी पुरेशी वाचलेली आहे.

या गृहस्थांना कंटेनरबाबा म्हणत, कारण त्यांचा माल बंदरावर येणाऱ्या कंटेनरांतून येई. दोन वर्षांपूर्वी ते सीटांची कव्हरे विकत. आता वखारीत त्यांनी शर्यतीच्या गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान मांडले होते: धूर गडगडून सोडणाऱ्या नळ्या, इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे, आणि सगळ्यांत वर, काचेच्या कपाटात, लाल रंगाच्या पेटीत ठेवलेली ही भोके पाडलेली ब्रेकची चकती. किंमत कंपनीच्या चकतीच्या चौथाई. एवढे स्वस्त कसे, असे कोणी विचारलेच तर उत्तर तयार असे.

"भट्टी एक, साचा एक, कारागीर एक. वरचा शिक्का तेवढा वेगळा. मोठ्या कंपन्या तुम्हाला लोखंड विकतात की शिक्का?"

हे वाक्य बाबांचे नव्हे. जगातल्या प्रत्येक नकली मालाच्या दुकानात ते भिंतीसारखे आधीपासून उभे असते. त्यात एक अर्धसत्य आहे, म्हणून ते टिकते. भट्टी खरोखरच एक असू शकते. पण भट्टीतून निघालेला प्रत्येक नग तपासावा लागतो. जो तपासणीत उतरतो त्याच्यावर शिक्का बसतो, आणि जो उतरत नाही तो कुठे तरी जातोच. तो कुठे जातो हा प्रश्न चौथाई किमतीच्या आनंदात कोणी विचारत नाही.

मी धातुशास्त्र शिकवतो. त्या दिवशी तिथे माझे काम नव्हते. माझ्या धाकट्या भावाचे होते. त्याची चौदा जणांची व्हॅन आहे. टेकडीवरच्या रुग्णालयातल्या परिचारिका आणि आया त्याच्या व्हॅनमधून रोज सकाळी वर जातात आणि संध्याकाळी खाली येतात. अकरा वळणांचा सलग उतार. त्या चौदांपैकी एक माझी मुलगी, तिथल्या पुरुषांच्या वॉर्डातली परिचारिका. व्हॅनच्या जुन्या चकत्या झिजल्या होत्या. धाकट्याने नव्या घ्यायचे ठरवले होते, आणि व्हॅन शेजारच्या खणात जॅकवर चढून पुढची चाके काढून बसली होती.

"दादा, तू फक्त बघ," तो मला आदल्या दिवशी म्हणाला होता. "पुस्तक बाजूला ठेव आणि डोळ्यांनी बघ. मग बोल."

ही अट रास्त होती. मी पाहिले. माझ्या मुलीला सुट्टी होती, म्हणून तीही आली होती. तिने माझ्यापेक्षा नीट पाहिले.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "ब्रेक दाबला की ही गाडी दर वेळी डावीकडे का ओढते? बाबांनी दहाही वेळा स्टिअरिंग उजवीकडे वळवून धरलं होतं."

"रस्ता वाकडा असेल."

"येतानाही डावीकडेच, जातानाही डावीकडेच. रस्ता दोन्हीकडून एकाच बाजूला वाकडा असतो का?"

तीस वर्षे विद्यार्थ्यांना निरीक्षणाचे महत्त्व सांगून झाल्यावर असे उत्तर दिल्याबद्दल मला तिथेच शिक्षा व्हायला हवी होती. मी पुन्हा गाडीकडे पाहिले. भिंत आणि गाडीची डावी बाजू यांच्यात जेमतेम वीतभर अंतर होते. गर्दीला दिसत होते ते उजवे चाक, आणि फक्त उजवे चाक.

"बाबा," मी पुढे होऊन म्हणालो, "एक विनंती आहे. डाव्या चाकालाही हात लावून दाखवाल?"

"या, प्रोफेसर साहेब," बाबा म्हणाले. "आज ज्ञान आपल्या दारी आलंय, मंडळी. साहेब, चकती दोन्हीकडे एकच. एका डोळ्याला दिसलं की दुसऱ्याला वेगळं दाखवावं लागतं का?"

लोक हसले. मीही हसलो असतो. वाक्य चांगले होते.

"एकच आहे ना? मग लावा की."

"भिंत आड येते."

"येत नाही," माझी मुलगी म्हणाली. तिने साध्या गाडीपाशी ठेवलेला तांब्या बादलीतून भरून घेतला आणि पाठ भिंतीला घासत ती त्या वीतभर फटीत शिरली. दिवसभर खाटांमधून वाट काढणाऱ्या माणसाला फट म्हणजे रस्ताच असतो. क्षणभर ती कोणाला दिसेना. मग चर्र असा दीर्घ आवाज आला आणि लाल गाडीच्या टपावरून वाफेचा एक पांढरा ढग सावकाश वर चढला.

चंद्र तापला होता.

पुढचा भाग मी लांबवत नाही, कारण तो अत्यंत सोपा होता आणि त्याचा सोपेपणाच मला आजही अपमानास्पद वाटतो. मी फिटरमामांना उजवे पुढचे चाक जॅकने उचलायला सांगितले. फिटरमामा म्हणजे बाबांच्या दुकानातले वृद्ध कारागीर. या गावातल्या निम्म्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. दूधवाल्याला गाडीत बसवून ब्रेकचे पेडल तळापर्यंत दाबून धरायला लावले. मग मी एका बोटाने उजवे चाक फिरवले.

ते फिरले. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना ते जत्रेतल्या पाळण्यासारखे फिरत राहिले.

"दाबलायस ना रे?" कोणीतरी विचारले.

"उभा राहिलोय पेडलवर," आतून दूधवाला म्हणाला.

पेडल दाबले की तेलाचा दाब बारीक नळीतून चाकापर्यंत जातो, दोन पॅड चकतीला दोन्ही बाजूंनी आवळतात, आणि चाक थांबते. गाडीचा वेग नाहीसा होत नाही; त्याची उष्णता होते, आणि ती चकती पिते. ब्रेकचे काम म्हणजे तापणे, हे मी गर्दीलाही मोठ्याने सांगितले. जी चकती तापत नाही ती दैवी नाही, रिकामी आहे. ती बसून पगार खाते आहे.

"मामा, नळी सोडा," मी म्हणालो.

फिटरमामांनी पान्याने नळीचा सांधा सैल केला. तेलाचा एक थेंब आला, आणि त्यामागून सायकलच्या चाकात असतो तसा एक पोलादी छर्रा त्यांच्या तळहातावर पडला. छर्ऱ्याने नळी बंद केली होती. दाब डाव्या चाकाला जात होता, मागच्या चाकांना जात होता. उजव्या पुढच्या चाकापर्यंत पोचतच नव्हता. म्हणून गाडी डावीकडे ओढत होती, आणि म्हणून बाबांचा हात शाबूत होता.

"हा कोणी घातला?"

"मीच," फिटरमामा सहज म्हणाले. "नळी गळतेय म्हणाले बाबा. गळक्या नळीत छर्रा घालतातच की, सर. गाडी गॅरेजपर्यंत आणायला सगळेच घालतात. एका दिवसाची सोय असते."

"किती दिवस झाले?"

त्यांनी विचार केला. "तीन आठवडे झाले असतील."

"आणि तीन आठवडे रोज तुमच्यासमोर या चाकात हात घातला जातोय. तुम्हाला काय वाटत होतं, चकती थंड का राहते?"

फिटरमामांनी माझ्याकडे पाहिले, मग हातातल्या छर्ऱ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्या चेहऱ्यावर लबाडी शोधायचा मी फार प्रयत्न केला. लबाडी सापडली असती तर मी सुखाने घरी गेलो असतो.

"चांगली चकती आहे, असं वाटत होतं," ते म्हणाले. "मी घरी बायकोला सांगितलं, असा माल आयुष्यात पाहिला नाही."

ज्या हाताने छर्रा घातला त्याच माणसाच्या डोळ्यांनी चमत्कार पाहिला, आणि हाताने डोळ्यांना काही सांगितले नाही. छर्रा हा रोजच्या कामाचा भाग होता आणि रोजच्या कामाबद्दल कोणी विचार करत नाही. चकती हा कौतुकाचा भाग होता आणि कौतुकाबद्दलही कोणी विचार करत नाही. श्रद्धेविषयी मी जे काही वाचले, त्यातले जाडजूड ग्रंथ या एका वृद्ध फिटरपुढे मला पोकळ वाटले.

मी गर्दीकडे वळलो. इथे कथा संपायला हवी होती. भोंदू पळतो, लोक त्याच्यामागे धावतात, शिक्षक चार शब्द बोलतो. बाबा मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी बाही खाली केली आणि गुंडी लावली.

"प्रोफेसर साहेबांचे आभार माना," ते म्हणाले. "माझ्या डेमोच्या गाडीतली खोट त्यांनी काढून दिली. खोट नळीत निघाली, मालात नाही. मालात काढली का साहेब, खोट?"

"मालाची परीक्षा झालेलीच नाही," मी म्हणालो.

"ऐकलंत? ते स्वतःच म्हणतात, मालात खोट निघाली नाही."

"मी असं म्हणालो नाही."

"बरोबर बोलतायत बाबा," मागून आवाज आला. "छर्रा तर आपणपण घालतो."

"शिकलेल्या लोकांना दुसऱ्याचं स्वस्त बघवत नाही," दुसरा म्हणाला. "महिन्याला पगार येतो ना यांना."

हा टोला वर्मी बसला, कारण तो खोटा नव्हता. कंपनीच्या चकत्या घेणे धाकट्याला खरोखरच जड होते, आणि मला ते जड नाही हेही खरे. स्वस्त असणे हा गुन्हा नाही. समुद्रापलीकडून येणारा सगळा स्वस्त माल वाईट असतो असेही नाही. माझ्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक तिकडचाच आहे आणि उत्तम आहे. पण तो मी तपासून घेतला होता. इथे तपासायची वेळ आली की चंद्र उगवत होता.

मी धाकट्याला बाजूला घेतले. "पाहिलंस ना? डोळ्यांनी?"

"पाहिलं."

"मग चल. जुन्याच चकत्या चढव. महिनाभर थांब, मी पैसे देतो, कंपनीच्या आणू."

"तुझे पैसे नकोत, दादा. दर वेळी तुझेच." मग त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरत गेले, कोडे सुटलेल्या मुलासारखे. "आणि तूच आत्ता सिद्ध केलंस की. डावीकडची चकती तापली, म्हणजे ती काम करते. तापणं हेच काम, तूच म्हणालास. माझ्या गाडीत छर्रा नसेल. माझ्या दोन्ही तापतील. मग अडचण काय?"

तीस वर्षे मी तर्कशुद्ध बोलायला शिकवले. माझे विधान कोणी इतक्या बिनचूकपणे उचलून माझ्याच गळ्यात अडकवले नव्हते.

"तापणं पुरेसं नाही," मी म्हणालो. "तापून टिकली पाहिजे."

"टिकेल रे," तो म्हणाला आणि फिटरमामांना हाक मारायला गेला. तासाभरात नव्या चकत्या चढल्या.

त्यानंतर मी जे जे केले त्याची यादी एखाद्या प्रहसनात शोभेल. मी रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिले. वाहतूक ही कंत्राटदाराची जबाबदारी आहे, असे उत्तर आले. वाहन निरीक्षकांच्या कचेरीत गेलो. तक्रार गाडीविषयी की भागाविषयी, असे तिथल्या कारकुनाने विचारले. भागाविषयी म्हणालो तर तो म्हणाला, "भागांची खिडकी वेगळी." ती खिडकी बंद होती, शेजारच्या खिडकीतून कळले की ती दोन वर्षांपासून बंद आहे. शेवटी मालाची परीक्षा करायची तर माल हवा, म्हणून मी स्वतः वखारीत जाऊन एक चकती विकत घेतली. बाबांनी ती माझ्या हातात देताना दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून गावात सांगितले जाऊ लागले की प्रोफेसरांनीसुद्धा शेवटी बाबांचीच चकती घेतली.

मी ती कापली. कंपनीच्या चकतीपेक्षा ती तिसऱ्या हिश्शाने हलकी भरली. दुकानात हाच हलकेपणा गुण म्हणून तराजूवर दाखवला जाई, आणि तराजू अगदी खरा होता. पण ब्रेकच्या चकतीचे वजन हे तिचे पोट असते. जितके लोखंड कमी तितकी उष्णता साठवायची जागा कमी. चांगल्या ओतीव लोखंडात सूक्ष्मदर्शकाखाली कार्बनच्या बारीक पाकळ्या सगळीकडे सारख्या विखुरलेल्या दिसतात. इथे अर्ध्या भागात त्या नव्हत्याच. त्यांच्या जागी काचेसारखे ठिसूळ पांढरे पट्टे होते. भोकांच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या नव्हत्या, आणि दोन भोकांच्या कडेला, न वापरलेल्या चकतीत, केसाएवढी चीर सुरू झालेली होती.

मी छायाचित्रे घेऊन धाकट्याकडे गेलो. तो जेवत होता. त्याने एकेक पाहिले, बोट धुऊन पुन्हा पाहिले.

"तुझी खराब निघाली असेल," तो म्हणाला. "माझ्या चांगल्या आहेत. पंधरा दिवस झाले, काही आवाज नाही."

"चिरेला आवाज नसतो. एक दिवस व्हॅन सोड. एक चकती काढून मला दे, मी तपासून संध्याकाळी परत देतो."

"एक दिवस गाडी उभी राहिली तर ते दुसरी लावतील, दादा. मग उभीच राहील."

मुलीला मी सांगितले, त्या गाडीतून जाऊ नकोस. ती गणवेशाला इस्त्री करत होती.

"दुसरी गाडी कुठंय, अप्पा? वॉर्डात बावीस जण आहेत आणि आम्ही दोघी. चालत गेले तर अडीच तास." तिने कॉलर उलटी करून इस्त्री फिरवली. "मी काकांना उतारावर खालच्या गिअरमध्ये ठेवायला सांगते. ते ऐकतात माझं."

ती रोज गेली. मी रोज संध्याकाळी रस्त्यावर उभा राहून व्हॅन येण्याची वाट पाहू लागलो. जगातल्या सर्व पुस्तकांचा त्या रस्त्यावर उपयोग एवढाच होता की काय होऊ शकेल हे मला इतरांपेक्षा तपशिलाने माहीत होते.

चाळिसाव्या दिवशी नवव्या वळणावर डाव्या पुढच्या चाकातली चकती भोकांच्या रांगेतून फुटली. व्हॅन उजवीकडे ओढली गेली आणि डोंगराच्या दगडी भिंतीला घासत शंभर फुटांवर थांबली. ती बाजू दरीची असती तर मी हे लिहीत नसतो. माझ्या मुलीचे गळ्याजवळचे हाड मोडले. धाकट्याच्या तीन फासळ्या मोडल्या. उजव्या खिडकीशी बसलेल्या एका आयेचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. बाकीच्यांना खरचटले.

दोन दिवसांत गावाने निकाल दिला. इतक्या उतारावर, इतक्या वेगात, चौदाच्या चौदा जण जिवंत. साधी चकती असती तर गाडी थेट दरीत गेली असती. बाबांची होती म्हणून तुटता तुटताही थांबवून गेली. बाबा स्वतः रुग्णालयात धाकट्याला भेटायला गेले, त्याच्या उशाशी पाच मिनिटे डोळे मिटून बसले आणि जाताना नवा संच लाल पेटीत भेट म्हणून ठेवून गेले. मी गेलो तेव्हा पेटी खाटेखाली होती.

मी फुटलेली चकती पंचनामा करणाऱ्यांकडून पाहायला मागून आणली होती. ती कागदात गुंडाळलेली मी धाकट्याच्या मांडीवर उघडली.

"हे बघ," मी म्हणालो. "फुटलेली कड. हा इथपर्यंतचा भाग काळा आहे, आणि हा पुढचा चमकतोय. चमकतो तो अपघाताच्या वेळी फुटला. काळा आहे तो आधीच फुटलेला होता; रोजच्या उष्णतेनं काळा पडत गेला. निम्म्याहून जास्त काळा आहे. चकतीनं तुम्हाला वाचवलं नाही. ती कित्येक दिवस तुटत होती. वाचवलं ते भिंतीनं."

त्याने चकतीला हात लावला नाही. तो त्या काळ्या कडेकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याला दिसले. तो मूर्ख नाही. आमच्या घरात त्याचेच डोके यंत्रात जास्त चालते. पाहता पाहता त्याचा श्वास उथळ झाला, आणि मला वाटले फासळ्या दुखत असतील.

"दादा," तो म्हणाला, "ती आया पलीकडच्या वॉर्डात आहे. तिची सून रोज मला चहा आणून देते. म्हणते, तुमच्यामुळं सासूबाई वाचल्या."

मी चकतीखालचा कागद सरळ केला.

"तू म्हणतोस ते खरं असेल, तर तिचा पाय मी घालवला. तू सांगितलं होतंस, फोटो दाखवले होतेस, आणि तरी मी तेच घालून रोज चौदा जणींना उतरवत होतो. तुझ्या पोरीला." त्याने डोळे मिटले. "बाबांचं खरं असेल तर मी त्यांना वाचवलं. आता तूच सांग, मी कोणाचं खरं धरू?"

चकतीची तपासणी मी करू शकतो. छर्रा मी शोधू शकतो. या प्रश्नाचे उत्तर मला माहीत होते. उत्तर एकच होते, आणि ते त्या खाटेवर पडलेल्या माणसाला देण्याचे धैर्य किंवा क्रौर्य माझ्यात नव्हते. मी चकती कागदात गुंडाळली. तो कुशीवर वळला. बाहेर पडताना मी त्या सुनेला कपबशी घेऊन येताना पाहिले आणि तिला वाट दिली.

म्हणून हे तुमच्यासाठी लिहिले आहे. चमत्काराला माणूस फसतो तो अडाणी असतो म्हणून, असे आम्ही शहाणे लोक समजतो, आणि ते आम्हाला सुखाचे पडते. फसणे फार स्वस्त आहे, कोणालाही परवडते. महाग असते ते फसल्यावर कबूल करणे. तोवर कोणाचा तरी पाय गेलेला असतो, आणि मग छर्रा तळहातावर ठेवून दाखवला तरी माणूस मूठ मिटून घेतो.

तुम्ही अजून काही बसवलेले नाही. तुमच्या चुकीला अजून कोणी साक्षीदार नाही. आत्ताच विचारा: हे कोणी तपासले, कसे तपासले, ज्या बाजूला भिंत आहे ती बाजू आम्हाला दिसेल का. पेडल दाबायला लावा आणि चाक स्वतःच्या बोटाने फिरवून पाहा. लोक हसतील, दुकानदार 'मग?' म्हणेल, विचारायची लाज वाटेल. तरी विचारा. नंतर ज्याला उत्तर ठाऊक असते तोही ते तुम्हाला सांगत नाही. कागदात गुंडाळून घरी घेऊन जातो.